चहा ठेवा, मग बोलू

गजभिये मॅडमच्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. बार रूमचे पंखे नेहमीसारखे आवाज करत होते, त्यामुळे मागे बसलेल्यांना निम्मं ऐकू आलं नसेल; पण जे ऐकू आलं ते चांगलंच होतं. नागपुरात मध्यस्थीचं काम कोणी फारसं मनावर घेत नव्हतं तेव्हापासून मॅडम ते करत होत्या. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं त्यांनी आधी टेबलाशी बसवली आणि पुढे मोबाइलच्या पडद्यावरही बसवली, असं एकेकाने सांगितलं. शेवटी एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "अखेरीस ती तक्रार झाली नसती तर बरं झालं असतं. पण माणूस आहे, कधीतरी एका बाजूला झुकतोच."

सभेत माना हलल्या. मी मधल्या रांगेत होतो. मॅडम झुकल्या नव्हत्या, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी उठलो नाही. याआधीही ज्या वेळी उठायला हवं होतं त्या वेळी उठलो नव्हतो. म्हणून आता लिहितो आहे.

ज्या नवरा-बायकोचं यात येतं त्यांना विचारलं आहे, त्यांची नावं बदलली आहेत. मॅडमना हे आवडलं असतं का, ते सांगता येत नाही. बैठकीतलं बोलणं बैठकीतच राहिलं पाहिजे, याबाबतीत त्या फार कडक होत्या.

मी त्यांचा ज्युनियर. सनद मिळाल्यावर पहिली काही वर्षं त्यांच्याच चेंबरमध्ये बसलो. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज जाड. फोन उचलला की "जयभीम, बोला," आणि मग समोरचा थकेपर्यंत एक शब्द नाही. कोर्टापुढे त्यांचं इंग्रजी असं चालायचं की समोरचा वकील उगाचच आपली फाइल चाळू लागायचा. मध्यस्थीच्या खोलीत शिरल्या की मात्र इंदोरा वस्तीतल्या आपल्या घरी बोलायच्या तशा बोलू लागायच्या. पक्षकाराने काही सांगितलं की हमखास म्हणायच्या, "मले समजलं नाही जी. पुन्हा सांगजा."

मी एकदा म्हणालो, "मॅडम, तुम्हाला तर पहिल्यांदाच समजलं होतं."

"मले समजलं होतं. तो काय बोलून राहिला ते त्याले समजलं नव्हतं. दुसऱ्या बारीले समजलं. पाहिलं नाही का, आवाज किती खाली आला त्याचा?"

मध्यस्थी केंद्राच्या खोलीत चहा आल्याशिवाय त्या बैठक सुरू करत नसत. दोन्ही बाजू फुरफुरत बसलेल्या असायच्या, वकील घड्याळ पाहत असायचे, आणि मॅडम दाराकडे. कोणी तोंड उघडलं की म्हणायच्या, "चहा येऊ द्या, मग बोलू." त्यामागचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. हातात गरम कप असला की माणूस टेबलावर हात आपटत नाही. एवढंच. मी त्यात काही मोठं तत्त्व शोधायला गेलो तर म्हणाल्या, "तू फार वाचून राहिला आजकाल."

दुसरी वस्तू म्हणजे पाटी. लहान मुलांची, लाकडी चौकटीची. मध्यस्थाने बैठकीत काय टिपायचं यावर चर्चा झडतात. मॅडम पाटीवर पेन्सिलीने टिपायच्या आणि बैठक संपली की ओल्या फडक्याने सगळ्यांसमोर पुसायच्या. समझोता झाला तर तो कागदावर, सह्यांसकट. बाकी काही नाही. मग बाहेर कोणी, अगदी कोणीही, विचारलं की उत्तर ठरलेलं: "पाटी पुसली." एकदा एका लग्नात मुलीच्या मामांनी त्यांना बासुंदीची वाटी हातात देत हळूच विचारलं, की आमच्या भाचीच्या त्या जुन्या केसमध्ये पोराकडचे नेमकं काय म्हणाले होते? मॅडमनी वाटी खाली ठेवली. "पाटी पुसली, मामा. आता बासुंदीही ठेवून देऊ काय?" मामा घाईघाईने पुऱ्या वाढायला गेले.

त्यांच्या कामाचं लोक कौतुक करतात तेव्हा मला कुलरवाली केस आठवते. एका इमारतीत वरच्या मजल्यावर टेकाडे नावाचे निवृत्त मास्तर, खाली कापडाचे व्यापारी अग्रवाल. टेकाड्यांच्या कुलरचं पाणी अग्रवालांच्या गॅलरीत गळायचं. उन्हाळा आला की दावा तापायचा, पावसाळ्यात तारखा पडायच्या. मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता उलटं करा. मास्तर, अग्रवालजींचं गाऱ्हाणं तुमी सांगा. अन् अग्रवालजी, तुमी मास्तरांचं."

टेकाडे मास्तर शिकवण्याच्या सवयीने उभे राहिले. "मी अग्रवाल. माझ्या गॅलरीत पाणी पडतं. पापड वाळत घालता येत नाहीत. आईचा पाय घसरतो." इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांना रंग चढला. "शिवाय कुलर जुना आहे, घरघरतो. दुपारची झोप होत नाही. शिवाय मास्तर जिन्यात भेटले तर ओळख देत नाहीत."

अग्रवालजी म्हणाले, "ये तो मैंने बोला ही नहीं था."

"तुम्ही नाही बोललात," मास्तर म्हणाले, "पण देत नाही मी ओळख."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. कुलरखाली पत्र्याची पन्हळ बसली. ती कोणी बसवावी यावर पुन्हा वाद झाला, पण तो दोघांनाही आपणच बसवायची होती म्हणून.

मग लॉकडाऊन आला आणि कामकाज पडद्यावर गेलं. मॅडम साठीच्या पुढे होत्या. आम्हाला वाटलं, आता थांबतील. पहिले काही दिवस त्या चिडचिड करत होत्या. पडद्यावर माणसाचे हात दिसत नाहीत, पाय हलताना दिसत नाहीत, म्हणायच्या. नुसती मुंडकी दिसतात, समझोता मुंडक्यांचा करायचा काय? पण मग त्यांनी आपली पद्धत बसवली. बैठक सुरू झाली की पहिलं काम, प्रत्येकाने फोन हातात घेऊन खोलीभर फिरवायचा. "घर दाखवा. कोण कोण बसलं आहे ते समजू द्या." आधी त्या स्वतःची खोली दाखवायच्या: पुस्तकांचं कपाट, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खिडकीतली तुळस नव्हे तर मोगऱ्याची कुंडी, आणि कोपऱ्यात वाळत घातलेली नवऱ्याची बनियन. ती काढून ठेवा असं मी सुचवलं तर म्हणाल्या, "काहून? ती पाहून त्यायले वाटते, बाईच्या घरीही घरच आहे."

दुसरं काम चहाचं. "आता उठा अन् आपापल्या घरी चहा ठेवा. मी पण ठेवतो. चहा ठेवा, मग बोलू." लोक आधी हसायचे. मग खरंच उठायचे. पडद्यावर नुसत्या रिकाम्या खुर्च्या राहायच्या आणि तीन घरांतून भांड्यांचे आवाज यायचे. मॅडम म्हणायच्या, या वेळात निम्मं काम होते. चहात साखर किती, हे माणूस भांडणाच्या मूडमध्ये ठरवू शकत नाही.

आणि तिसरी गोष्ट, त्या बैठकीतून सगळ्यांत शेवटी बाहेर पडायच्या. बटण दाबून एकेक जण गेला की मग. पाहुण्यांच्या आधी घरच्याने उठायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

एका बैठकीत रामटेककडचे एक म्हातारे होते, पुतण्याशी बांधाचा वाद. त्यांनी व्हिडिओ चालू असलेला फोन सरळ कानाला लावला. पडद्यावर नुसता कान. केसाळ, भला मोठा. पुतण्याच्या वकिलाला हसू आवरेना, म्हणाला, "काका, फोन समोर धरा, कान दिसून राहिला तुमचा." मॅडमनी त्यालाच झापलं. "राहू द्या जी. ते ऐकून राहिले. तुमच्यापैकी कोणी ऐकून राहिलं आहे काय?" आणि अख्खी बैठक त्या कानाशी बोलत पार पाडली. शेवटी पुतण्याही त्या कानाकडे पाहत म्हणाला, "मोठेबाबा, चुकलं माझं." आतून आवाज आला, "हाव. ऐकलं."

आता माझ्या भागाकडे येतो. एवढा वेळ मॅडमबद्दल सांगत बसलो, कारण ते सोपं होतं.

वैशाली माझी अशील. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स, मनीषनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी अनु. नवरा दिलीप सावनेरकडच्या कोळसा खाणीत, तिथेच क्वार्टरमध्ये राहणारा. मारहाण नाही, दारू नाही; दोघांचं पटेनासं झालं होतं आणि वैशाली नागपुरात निघून आली होती. वेगळं व्हायला दोघंही तयार. प्रश्न अनुचा होता. दिलीपला ती सुट्टीत सावनेरला राहायला हवी होती, आणि एक रविवार आड भेटायला. वैशालीला भीती, की एकदा नेली तर परत पाठवणार नाही. कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं, दिलीपच्या शिफ्टमुळे बैठक ऑनलाइन ठरली आणि मध्यस्थ म्हणून मॅडम आल्या.

मॅडमची रीत अशी, की पहिल्या बैठकीत फक्त नवरा-बायको. वकिलांनी दुसऱ्या बैठकीपासून यायचं. दिलीपच्या वकिलाने मान्य केलं, मीही केलं. आणि बैठकीच्या दिवशी दुपारी कोर्टातून उठून, अंगावरच्या काळ्या कोटासकट, मनीषनगरात वैशालीच्या घरी जाऊन बसलो.

का गेलो? बराच काळ मी स्वतःला सांगत आलो, की अशील घाबरलेली होती, तिला आधार हवा होता. ते खोटं नाही, पण कारण ते नव्हतं. कुटुंब न्यायालयात मला अजून "मॅडमचा पोरगा" म्हणत. मला माझं नाव हवं होतं. ज्याचे अशील मध्यस्थीत वितळत नाहीत असा वकील, असं ते नाव व्हावं अशी इच्छा होती. मॅडमसमोर माणसं कशी वितळतात ते मी जवळून पाहिलं होतं. वैशालीही वितळेल, हे मला माहीत होतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

फोन टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. मी त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेतली. मला पडदा दिसत नव्हता, फोनची पाठ दिसत होती, अनुने चिकटवलेल्या स्टिकरांची. मॅडमचा आवाज आला, "घर दाखवा." वैशालीने फोन उचलला आणि खोलीभर फिरवू लागली. आणि मी, पंचेचाळिशी ओलांडलेला वकील, फोनच्या पाठीमागे तिच्याबरोबर गोल फिरलो. खोलीचा प्रत्येक कोपरा मॅडमना दिसला. मी सोडून.

मग चहा. वैशाली आत गेली, चहा ठेवला, आली. हातात दोन कप. एक स्वतःसमोर ठेवला आणि दुसरा, फोनच्या वरून पुढे हात करून, मला दिला. घरी माणूस आलाय, त्याला चहा द्यायचा. यात तिने विचार असा केलाच नाही. आणि मी हात लांबवून तो घेतला. मीही विचार केला नाही. आपल्याकडे समोर आलेला कप परत करत नाहीत. कप हातात आल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

फोनमधून कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "वैशाली, सगळ्यायच्या चहात साखर बरोबर आहे ना वं?"

"हो मॅडम."

"बरं. सुरू करण्याच्या आधी एक सांगतो. ज्याले काही बोलायचं आहे त्यानं समोर येऊन बोलावं. इथं कोणी कोणावर रागावणार नाही."

दिलीपला वाटलं त्यालाच सांगितलं. त्याची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मी कप धरून बसलो. चहा पिताना आवाज होईल म्हणून पीतही नव्हतो.

बैठक चांगली चालली होती. दिलीप फार बोलणारा नव्हता. म्हणाला, "मी रात्रपाळी बदलून घेईन. माझी आई आहे घरी. पोरीले काही कमी पडणार नाही. तिले शाळेची सुट्टी इथं काढू द्या, बस." मॅडम वैशालीशी एकट्या बोलल्या, दिलीपला तेवढा वेळ पडद्यावर बाहेर बसवलं. त्या एकांतातही मी होतो. वैशाली रडली आणि म्हणाली, ठीक आहे, या उन्हाळ्यात पाठवून पाहते. मॅडम म्हणाल्या, "आता हेच त्याच्यासमोर सांग. माह्यासाठी नको, तुले पटत असेल तर."

दिलीप परत आला. वैशालीने बोलायला तोंड उघडलं आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही. पुन्हा एकदा, हाताने, पंजा आडवा करून. नाही.

"नाही जमणार," वैशाली म्हणाली.

दिलीपला जे दिसलं ते एवढंच: बायको नरम होती, मॅडमनी तिला बाजूला घेतलं, आणि परत आली ती नकार घेऊन. त्याने तसंच लिहून केंद्राकडे तक्रार दिली. बाई बाईचीच बाजू घेणार, असंही त्यात होतं. केंद्राच्या समितीने मॅडमकडे खुलासा मागितला. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या: बैठकीत घडलेलं सांगण्याचा मला अधिकार नाही, समितीला योग्य वाटेल तो निर्णय मान्य आहे. समितीने निर्णय द्यायच्या आधीच त्यांनी मध्यस्थांच्या यादीतून आपलं नाव काढून घेतलं.

त्या दिवशी त्या केंद्रातून पाटी आणि फडकं पिशवीत घालून निघाल्या होत्या, तेव्हा जिन्यावर भेटल्या. थांबल्या. "प्रमोद, काही बोलायचं आहे काय?"

"नाही मॅडम," मी म्हणालो. "वाईट झालं."

"हाव," म्हणाल्या आणि कठड्याला धरून खाली गेल्या.

केस मी जिंकली असं म्हणतात. अनु आईकडे, बापाला महिन्यातून एकदा कोर्टाच्या आवारात, मुलांसाठीच्या खोलीत एक तास. दिलीप सावनेरहून एसटीने यायचा, दरवेळी काहीतरी खेळणं घेऊन, आणि ते खेळणं दरवेळी अनुच्या वयाला थोडं लहान असायचं. त्याच्या डोक्यात ती अजून घर सोडून गेली तेवढीच होती. एकदा मी खोलीबाहेरून जात होतो. दिलीप जमिनीवर बसून खेळण्यातलं स्वयंपाकाचं सामान मांडत होता. अनु खुर्चीवर, पाय हलवत. मला पाहून दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "काका, झालं का आता?"

ते ऐकून मी इंदोऱ्याला गेलो. म्हणजे लगेच नाही. पण गेलो.

मॅडम गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीतली माती उकरत होत्या. हात मातीचे. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "आधी चहा ठेव. डबे कुठं आहेत ते तुले माहीत आहे." मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा ठेवला, दोन कप आणले, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. फोनमागे फिरण्यापासून पंजापर्यंत.

त्या कपात पाहत होत्या. "मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"कपापासून. काळी बाही दिसली. मे महिन्यात नागपुरात काळा कोट घालून दुसऱ्याच्या घरी कोण बसते, वकिलाशिवाय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले ना. समोर येऊन बोला म्हटलं."

"ते दिलीपला वाटलं त्याला म्हणालात."

"त्यालेही म्हटलं." मग म्हणाल्या, "तुह्यं नाव घेतलं असतं तर बैठक तिथंच मोडली असती. मले वाटलं, माह्या चेंबरमधला आहे, येईन समोर. शेवटपर्यंत वाटलं. चूक माझीच झाली. बैठक थांबवाले पाहिजे होती मी. कोणी लपून बसलं आहे हे माहीत असून चालू ठेवली, तर मंग तक्रार अगदीच खोटी नव्हती."

मी म्हणालो, ती चूक तुमची नव्हती. त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. मी माफी मागितली.

"माह्यापाशी कायले मागतो गा? माझं काय गेलं? दुपारची झोप मिळून राहिली. पेपर वाचून होऊन राहिला. ज्याचं गेलं त्याले सांग." कप खाली ठेवला. "साखर जास्त झाली."

त्या एवढंच बोलल्या. माफ केलं की नाही, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

आधी वैशालीला सांगितलं की मी तिची केस सोडतो आहे, आणि का. ती म्हणाली, "सर, मान तुमची हलली. पण तोंड तर माझं होतं ना." मग दिलीप. सावनेरच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर, शिफ्ट सुटल्यावर तो आला. कपड्यांवर कोळशाची पूड. मी सांगत गेलो, तो ऐकत गेला. मारेल असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "पोरगी फोनवर हॅलो म्हणते अन् फोन आईले देते. तुमी वकील लोकं घरी जाऊन जेवता कसे, हेच मले समजत नाही." मग उठता उठता, "त्या मॅडमच्या विरोधात मीच लिहून दिलं. त्यायचा पत्ता द्या."

तो एकटा जाऊन त्यांना भेटला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर माहीत होतं. तक्रार त्याने मागे घेतली. पण कारण काही लिहिलं नाही, त्यामुळे बारमध्ये लोकांनी आपापलं कारण लावलं, आणि शोकसभेत ते माझ्या कानावर आलं. माझ्या वाट्याचं जे आहे ते आता मी समितीलाही लेखी दिलं आहे. पुढे जे होईल ते होईल.

त्याआधी, मॅडम असतानाच, पुन्हा बैठक झाली. दोघांनी मिळून कोर्टाला सांगितलं, की मध्यस्थ म्हणून आम्हाला त्याच मॅडम हव्यात. दोन्ही पक्ष राजी असले की तसं करता येतं. मॅडम नको म्हणत होत्या, तब्येत बरी नव्हती. मग एक अट घातली. सुरुवातीला प्रमोदने यायचं. समोर बसायचं. आपला चहा आपण ठेवायचा.

मी माझ्या चेंबरमधून आलो. फोन फिरवून खोली दाखवली. मॅडमनी त्यांची दाखवली. त्या आता पलंगावर उशीला टेकून होत्या, बनियन मात्र कोपऱ्यात होती. मी माझा चहा ठेवला. मॅडम म्हणाल्या, "बोल." आणि मी त्या दोघांसमोर, पडद्यावर, तोंड दिसेल असं, जे केलं ते सांगितलं. मग मॅडमनी मला बाहेर जायला सांगितलं आणि शेवटी पुन्हा आत बोलावलं.

ठरलं ते फार नव्हतं. सुट्टीचं अजून नाही. अनुला सवय होऊ द्यायची. आधी रविवार, नागपुरात, बागेत, कोर्टात नाही. दिवाळीनंतर एक रात्र सावनेरला, आजीकडे. अनु हो म्हणाली तर. दिलीपने ते दोनदा म्हणून घेतलं, अनु हो म्हणाली तर. वैशाली म्हणाली, "ती काय खेळते ते मी पाठवते तुम्हाला. लहान पोरीचं आणू नका आता."

मॅडमनी पाटी कॅमेऱ्यासमोर धरली आणि पुसली. फडकं ओलं नव्हतं वाटतं, पांढरे फराटे राहिले. त्यांनी पदराने पुन्हा पुसली.

दिलीपचा चौकोन गेला. वैशालीचा गेला. पडद्यावर मॅडम आणि मी. त्यांचा कप भरलेला तसाच होता, वर साय धरलेली. त्यांनी साय बोटाने बाजूला केली, थंड चहाचा एक घोट घेतला आणि पडद्याकडे पाहिलं.

"निघ," म्हणाल्या. "तू निघाल्याशिवाय मले उठता येत नाही."

मी बटण दाबलं.